‘मच’ की ‘मेनी’? इंग्रजी लिहिताना परत परत होणारा एकच बिघाड आणि त्याची दुरुस्ती

गेली बारा-तेरा वर्षं मी इतरांचं इंग्रजी दुरुस्त करते. दिवसभर यंत्रांची माहितीपुस्तकं आणि परदेशी ग्राहकांना जाणाऱ्या मेल, आणि रविवारी सकाळी सोसायटीतली सेमी इंग्लिशची चार मुलं. स्पेलिंग आता संगणकच पकडतो. काळाच्या चुका मुलं दहावीपर्यंत आपोआप कमी करतात. पण एक बिघाड असा आहे की तो साहेबांच्या मेलमध्येही सापडतो आणि मुलांच्या निबंधातही, आणि आज काढला तरी महिन्याभरात परत येतो. त्यासाठी मी जी तपासणी करते, तीच इथे त्याच क्रमाने देते. सुरुवातीच्या पायऱ्यांना मिनिटभरही लागत नाही, शेवटच्यांना डोकं लावावं लागतं.

लक्षणं

यातली दोन-तीन वाक्यं तुमच्या लिहिण्यात सापडत असतील तर पुढे वाचा.

- ‘प्लीज सेंड मी ऑल द इन्फर्मेशन्स’, ‘ही गेव्ह मी मेनी ॲडव्हायसेस’, ‘वी बॉट न्यू फर्निचर्स’.
- ‘हाउ मच स्टुडंट्स केम?’ किंवा त्याच्या उलट ‘हाउ मेनी मनी डू यू नीड?’
- ‘आय हॅव फ्यू डाउट्स’ असं कळवलं, तरी समोरचा माणूस शंका विचारून घ्यायला फोनच करत नाही.
- ‘लेस पीपल’, ‘अ लार्ज अमाउंट ऑफ कस्टमर्स’.
- ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘मोस्ट ऑफ स्टुडंट्स’, ‘एव्हरी स्टुडंट्स’.
- बोलताना वाक्य ‘मच’पाशी येतं आणि गाडी खड्ड्यात अडकावी तसं अडकतं.

आणखी एक लक्षण आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. परीक्षेत ‘गाळलेल्या जागा भरा’मध्ये तुम्हाला पैकीच्या पैकी मिळतात, पण स्वतः चार ओळी लिहायला बसलात की चुकता. याचा अर्थ नियम तुम्हाला पाठ आहे. ‘मेनी’ मोजता येणाऱ्या नामांना आणि ‘मच’ न मोजता येणाऱ्या नामांना, एवढं सातवीतलं पोरही सांगतं. चूक त्या तक्त्यात नाही. नाम कुठल्या रकान्यात टाकायचं हे ठरवताना आपण मराठीचा रकाना वापरतो, चूक तिथे होते. म्हणून मी कुणाचंही लिखाण तपासताना ‘मच’ आणि ‘मेनी’कडे आधी पाहतच नाही, नामाकडे पाहते.

मराठीत हा प्रश्न सहसा पडत नाही. किती पाणी, किती मुलं. खूप साखर, खूप माणसं. कमी दूध, कमी गाड्या. शब्द तोच राहतो. ‘थोडा’सारखा शब्द असेल तर फक्त शेपूट बदलतं, म्हणजे थोडं पाणी, थोडे पेरू, थोड्या चिंचा. इंग्रजीला शेपूट बदलून भागत नाही, तिला अख्खा शब्दच वेगळा लागतो. आणि तो निवडायच्या आधी समोरची वस्तू सुटी आहे की ढीग, हे ठरवावं लागतं.

पहिली तपासणी: वीस शब्द शोधा (वेळ एक मिनिट)

सगळ्यांत स्वस्त उपाय आधी. लिखाण संगणकावर असेल तर कंट्रोल आणि एफ दाबा आणि पुढचे शब्द एकेक करून शोधा: इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, न्यूज, नॉलेज, एव्हिडन्स, प्रोग्रेस, रिसर्च, होमवर्क, फर्निचर, इक्विपमेंट, मशिनरी, लगेज, स्टेशनरी, ज्वेलरी, सिनरी, ट्रॅफिक, ट्रेनिंग, फीडबॅक, सॉफ्टवेअर, हार्डवेअर.

‘न्यूज’ आणि ‘प्रोग्रेस’ यांचा मूळचा ‘एस’ सोडून यांतल्या कुठल्याही शब्दाला शेवटी ‘एस’ चिकटलेला दिसला तर तो काढा. मागे ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘सेव्हरल’ किंवा ‘ॲन’ असेल तर तेही काढा. नुसती ही यादी चालवली तरी माझ्यासमोर येणाऱ्या मेलमधला बराच केर निघून जातो.

एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला साहेब लोक विचारतात. हा ‘एस’ एकटा येत नाही, म्हणून. ‘इक्विपमेंट्स’ लिहिलं की क्रियापद ‘आर’ होतं, मागे ‘मेनी’ येतं, पुढच्या वाक्यात ‘दे’ येतं. एक शब्द चुकला की चार ठिकाणी खाडाखोड करावी लागते.

‘इन्फर्मेशन’साठी मुलांना मी एक खूण देते. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे ना, त्याचं इंग्रजी नाव ‘राइट टू इन्फर्मेशन’. कुठल्याही पाटीवर, कुठल्याही अर्जावर ‘इन्फर्मेशन्स’ छापलेलं पाहिलंय का? एफआयआर, म्हणजे ‘फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट’ घ्या. दोन एफआयआर दाखल होतात तेव्हा रिपोर्ट दोन असतात, इन्फर्मेशन तशीच एकवचनी राहते.

‘न्यूज’चं गाऱ्हाणं वेगळं आहे. तिथे ‘एस’ मुळातच आहे, म्हणून लोक ‘द न्यूज आर गुड’ लिहितात. ते ‘इज’च हवं. शेवटी ‘स’ ऐकू आला की अनेकवचन, हा समज खुद्द इंग्रजांनाही भोवला आहे. वाटाण्याला त्यांच्याकडे पूर्वी ‘पीज’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या ‘डाळी’सारखा ढिगाचा, एकवचनी होता. सतराव्या शतकाच्या आसपास लोकांना वाटलं, शेवटी ‘झ’ आहे म्हणजे हे अनेकवचनच असणार. मग शेपूट छाटून एका दाण्यासाठी ‘पी’ असा नवा शब्द निघाला आणि पुढे तोच बरोबर ठरला. तेव्हा चुकलो म्हणून लाज वाटायचं कारण नाही. फक्त आपली चूक शब्दकोशात जाण्याइतकी जुनी अजून झालेली नाही.

आता मोजायचंच असेल तर? तर त्या ढिगाला भांडं द्या. हे आपण स्वयंपाकघरात रोज करतो. आपण ‘तीन लसूण’ म्हणत नाही, लसणाच्या तीन पाकळ्या म्हणतो किंवा एक गड्डी म्हणतो. इंग्रजीतही ‘गार्लिक’ ढिगात जातो आणि पाकळीला ‘क्लोव्ह’ म्हणतात. कोथिंबिरीची जुडी तशी ‘अ बंच ऑफ कोरिअँडर’. त्याच चालीवर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘ॲन आयटम ऑफ न्यूज’, ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’, ‘थ्री ट्रेनिंग सेशन्स’. साबण, खडू आणि पाव हे तिघे मात्र मराठी माणसाला हमखास पाडतात, कारण आपण सरळ दोन साबण, तीन खडू, चार पाव म्हणतो. इंग्रजीत वडी ‘बार’ने मोजायची, खडू ‘पीस’ने किंवा ‘स्टिक’ने आणि पाव ‘लोफ’ने किंवा ‘स्लाइस’ने. वडापावच्या गाडीवर हे कुणी करू नये, ही विनंती.

दुसरी तपासणी: अष्टपैलू शब्द लावून पाहा

नाम मोजता येणारं आहे की नाही हे कळत नाही आणि मेल तर आत्ता पाठवायची आहे. अशा वेळी ‘मच-मेनी’च्या वाटेलाच जाऊ नका. ‘अ लॉट ऑफ’, ‘सम’, ‘एनी’, ‘नो’, ‘इनफ’, ‘प्लेंटी ऑफ’, ‘मोअर’, ‘मोस्ट’ आणि ‘ऑल’ हे शब्द दोन्हीकडे चालतात. ‘अ लॉट ऑफ वॉटर’, ‘अ लॉट ऑफ बॉटल्स’. आपल्या ‘खूप’सारखेच आहेत ते.

ही पळवाट वाटेल, पण होकारार्थी वाक्यात तीच चांगली वाट आहे. ‘आय हॅव मच वर्क’ हे व्याकरणाने चुकीचं नाही, पण असं कुणी बोलत नाही. ते ऐकून कोणीतरी कीर्तनातली भाषा चहाच्या टपरीवर बोलतंय असं वाटतं. ‘मच’ शोभतो तो प्रश्नात, नकारात आणि ‘टू’, ‘सो’, ‘ॲज’ यांच्या मागोमाग. ‘डोन्ट वेस्ट मच टाइम’, ‘टू मच सॉल्ट’.

अडचण एकच. शोधनिबंधात किंवा औपचारिक अहवालात ‘अ लॉट ऑफ’ जरा घरगुती दिसतं. तिथे ‘अ ग्रेट डील ऑफ’ ढिगाला आणि ‘अ लार्ज नंबर ऑफ’ सुट्या वस्तूंना, म्हणजे परत तोच प्रश्न. मग पुढच्या पायरीला पर्याय नाही.

तिसरी तपासणी: ‘अनेक’ लावून बघा

वर मी म्हटलं की मराठीत हा प्रश्न सहसा पडत नाही. ‘सहसा’ म्हटलं त्याला कारण आहे. एक शब्द आपल्याकडेही फक्त मोजणीचाच आहे, तो म्हणजे ‘अनेक’. अनेक मुलं, अनेक रस्ते, अनेक अडचणी. पण अनेक पाणी? अनेक माहिती? अनेक रहदारी, अनेक सामान, अनेक फर्निचर? कानाला खटकतं. मराठीला जे खटकतं ते इंग्रजीलाही बहुतेक वेळा खटकतं. तेव्हा ‘अनेक’ बसत नसेल तर बिनघोर ‘मच’च्या रकान्यात टाका आणि ‘एस’ लावू नका. ‘इन्फर्मेशन्स’ लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं ते याचमुळे. ‘माहित्या’ असं तर आपण कधीच म्हणत नाही. म्हणजे तिथे दोष मराठीचा नाही, इंग्रजी शब्द म्हटला की ‘एस’ लावायच्या सवयीचा आहे.

पण ही चाचणी एकाच दिशेने खात्रीची आहे, हे ध्यानात ठेवा. ‘अनेक’ बसलं नाही तर निकाल लागला. बसलं तर मात्र नाम निर्दोष सुटलं असं समजू नका. अनेक सल्ले, अनेक बातम्या, अनेक पुरावे, अनेक दागिने, अनेक उपकरणं, अनेक कामं. मराठीत सगळी बिनतक्रार बसतात आणि इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘एव्हिडन्स’, ‘ज्वेलरी’, ‘इक्विपमेंट’, ‘वर्क’ सगळी ढिगात जातात. ही सहा नावं पाठच करा, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही.

त्यांच्या जोडीला चार फसवे शब्द आहेत, कारण ते मराठीत बहुधा अनेकवचनी येतात.

पैसे. ‘पैसे मोजता येतात, मग मनी अनकाउंटेबल कसा?’ हा प्रश्न मला दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की आपण मोजतो ते रुपये, नोटा, नाणी. ‘थ्री रुपीज’ होतं, ‘थ्री मनी’ होत नाही. मराठीत ‘पैसा’ हे एकेकाळचं नाणं, म्हणून ते मोजलं जातं. इंग्रजीतला ‘मनी’ म्हणजे आपलं ‘धन’. अनेक धन म्हणाल का?

केस. केस पांढरे झाले, केस गळले. इंग्रजीत डोक्यावरचा सगळा संभार मिळून एक ‘हेअर’, आणि क्रियापद ‘इज’. आमटीत एक सापडला तर मात्र तो ‘अ हेअर’, आणि दोन सापडले तर ‘टू हेअर्स’.

गहू आणि तांदूळ. दुकानात आपण म्हणतो, ‘गहू चांगले आहेत’. इंग्रजीत ‘व्हीट’ आणि ‘राइस’ दोन्ही एकवचनी. पोह्यांना इंग्रजीत ‘इज’ लावायचं की ‘आर’, यावर आमच्या रविवारच्या वर्गात एकदा वीस मिनिटं गेली. शेवटी पोहे खाऊन विषय संपवला.

या पायरीनंतरही शंका उरली तर शब्दकोश उघडा, पण इंग्रजी-मराठी नव्हे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश लागेल. त्यात नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ असं एक अक्षर असतं. सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठीच्या मोठ्या कोशात ही खूण बहुधा नसते, कारण त्यांना ती लागत नाही. म्हणून घरात जाडजूड कोश असूनही उत्तर सापडत नाही, असं होतं.

चौथी तपासणी: ‘अ’ आहे की नाही, म्हणजे ‘च’ आहे की नाही

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या चुकांनी वाक्य नुसतं विद्रूप होतं, या चुकीने अर्थच उलटतो.

एकदा आमच्याकडच्या एका मुलाने परदेशातल्या ग्राहकाला यंत्राच्या आराखड्याबद्दल लिहिलं, ‘आय हॅव फ्यू डाउट्स अबाउट द ड्रॉइंग’. त्याला म्हणायचं होतं, थोड्या शंका आहेत, बोलूया. ग्राहकाने वाचलं, आराखड्याबद्दल फारशा शंका नाहीत. त्याने समाधानाने आभार मानले आणि तो सुट्टीवर गेला. आमचं काम आठवडाभर खोळंबलं.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत संख्येचा फरक नाही. पाच शंका दोन्हीतही असू शकतात. फरक आहे बोलणाऱ्याच्या नजरेचा. ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत थोड्या. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे थोड्याच, फारशा नाहीत. मराठीत हे काम आपण एका ‘च’वर भागवतो. ‘पुण्यात माझे थोडे मित्र आहेत’ आणि ‘पुण्यात माझे थोडेच मित्र आहेत’. पहिला माणूस राहायची सोय होईल म्हणतोय, दुसरा एकटा पडलाय. गंमत अशी की आपण ‘च’ वाढवून कमतरता दाखवतो आणि इंग्रजी ‘अ’ काढून. दिशा उलटी आहे म्हणूनच गोंधळ होतो.

‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही अगदी असंच, फक्त ते ढिगासाठी. ‘देअर इज अ लिटल मिल्क’ म्हणजे थोडं दूध आहे, चहा होईल. ‘देअर इज लिटल मिल्क’ म्हणजे थोडंच आहे, पाहुण्यांना सरबत द्या.

तपासायचं कसं? लिखाणातला प्रत्येक ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ शोधा. त्या जागी मराठीत ‘फारसे नाहीत’ किंवा ‘फारसं नाही’ घालून वाक्य मोठ्याने म्हणा. तुम्हाला तेच म्हणायचं असेल तर ‘अ’ नको. नसेल तर ‘अ’ घाला. कामाच्या मेलमध्ये तर मी नुसत्या ‘फ्यू’वर बंदीच घातली आहे. ‘फारसे नाहीत’ म्हणायचं असेल तर ‘नॉट मेनी’ लिहा, ‘थोडे आहेत’ म्हणायचं असेल तर ‘अ फ्यू’ लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. आणि जाता जाता, शंकेला ‘डाउट’ म्हणणं आपल्या देशात चालतं, बाहेर ‘डाउट’ म्हणजे अविश्वास समजतात. ‘अ फ्यू क्वेश्चन्स’ म्हणा.

एक खाचखळगा राहिला. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे अगदी थोडे नव्हेत, तर चांगले भरपूर. आपण ‘थोडेथोडके नव्हेत’ म्हणतो ना, नेमकं तेच.

पाचवी तपासणी: कमी, म्हणजे ‘लेस’ की ‘फ्यूअर’?

पुस्तकी नियम सोपा. सुट्या वस्तू कमी असतील तर ‘फ्यूअर’, ढीग कमी असेल तर ‘लेस’. ‘फ्यूअर कार्स’, ‘लेस ट्रॅफिक’. परीक्षेत, अर्जात, अहवालात हाच पाळा.

मात्र हा नियम काळ्या दगडावरची रेघ नाही. इंग्रज शेकडो वर्षं मोजता येणाऱ्या वस्तूंनाही ‘लेस’ लावत आले. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने लिहिलं की संख्येच्या बाबतीत आपल्याला ‘फ्यूअर’ अधिक बरं वाटतं. त्याने आपली आवड सांगितली होती, पुढच्यांनी तिचा कायदा केला. म्हणून एखादा इंग्रज ‘लेस पीपल’ म्हणाला तर त्याला टोकू नका. पण तुमचा पेपर तपासणारा हे ऐकून गुण देणार नाही, तेव्हा स्वतः लिहिताना जपा.

जिथे लोक नियम पाळायच्या नादात चुकतात ती जागा वेगळी आहे. ‘फ्यूअर दॅन फाइव्ह किलोमीटर्स’, ‘फ्यूअर दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’. किलोमीटर मोजता येतात, रुपये मोजता येतात, मग ‘फ्यूअर’ का नाही? कारण इथे मोजले तरी मनात एकच ढीग असतो. पाच किलोमीटर म्हणजे पाच सुटे तुकडे नव्हेत, एक अंतर. पाचशे रुपये म्हणजे एक रक्कम. मराठीतही ‘पाचशे रुपये खूप झाला’ म्हणत नाही हे खरं, पण ‘पाच किलोमीटर अंतर आहे’ असं आपण एकवचनीच म्हणतो. अंतर, रक्कम, वेळ, वजन आणि तापमान यांना ‘लेस दॅन’ लावा.

‘नंबर’ आणि ‘अमाउंट’ याच घरातले. माणसांना ‘नंबर’, पाण्याला ‘अमाउंट’. ‘अमाउंट ऑफ कस्टमर्स’ वाचलं की मला ग्राहक पोत्यात भरलेले दिसतात.

सहावी तपासणी: दोन्ही रकान्यांत बसणारी नामं

आता कठीण भाग. काही नामं सकाळी एका रकान्यात असतात आणि संध्याकाळी दुसऱ्या. शब्दकोशात त्यांच्यापुढे सी आणि यू दोन्ही दिसतात, आणि तिथे नियम हात टेकतो.

पण मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. शेतकऱ्याला विचारा. ‘गव्हाला अजून दोन पाणी लागतील,’ तो म्हणेल. पाणी मोजलं की! दोन पाणी म्हणजे दोन पाळ्या. टपरीवर ‘दोन कटिंग’ म्हणतो तेव्हा चहा मोजत नाही, ग्लास मोजतो. इंग्रजीत हॉटेलात ‘टू कॉफीज’ म्हणतात ते असंच. तेव्हा प्रश्न नामाचा उरत नाही, या वाक्यात त्या नामाचा अर्थ कोणता, याचा होतो.

‘एक्स्पीरिअन्स’ पाहा. नोकरीच्या अर्जात पाच वर्षांचा अनुभव असतो तो ढीग, तिथे ‘मच’ किंवा ‘अ लॉट ऑफ’, आणि ‘एस’ नाही. हिमालयात आलेले अनुभव सुटे, तिथे ‘मेनी एक्स्पीरिअन्सेस’. मराठीत अनुभव आणि अनुभव, एकवचन-अनेकवचन सारखंच, म्हणून फरक दिसतच नाही. बायोडाटात ‘आय हॅव मेनी एक्स्पीरिअन्सेस इन अकाउंट्स’ वाचून मुलाखत घेणाऱ्याला वाटेल की हिशेबात याच्यावर बरेच प्रसंग गुदरले आहेत.

‘वर्क’ला ‘एस’ लागला तर अर्थ कारखाना, बांधकाम किंवा कलाकृती असा होतो. सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणजे ‘पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट’, तिथला ‘एस’ बरोबर. पण ‘आय हॅव मेनी वर्क्स टुडे’ चूक, हव्यात ‘मेनी टास्क्स’ किंवा ‘अ लॉट ऑफ वर्क’. ‘पेपर’ कागद असेल तर ढीग, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर सुटा. ‘रूम’ खोली असेल तर सुटी, जागा या अर्थी ढीग. ‘चिकन’ ताटात असेल तर ढीग, अंगणात फिरत असेल तर सुटं. ‘टाइम’ वेळ असेल तर ‘मच’, वेळा असतील तर ‘मेनी’. हा शेवटचा फरक मराठी आपल्याला तयार देते, वेळ आणि वेळा. वापरा.

सातवी तपासणी: ‘ऑफ’च्या आजूबाजूला

ही पटकन उरकते. ‘वन ऑफ’नंतर नाम नेहमी अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’. मराठीत ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणताना ‘त्रां’वर अनुस्वार येतो. तो अनुस्वार म्हणजेच इंग्रजीतला ‘एस’. अनुस्वार दिला तर ‘एस’ द्या.

‘एव्हरी’ आणि ‘ईच’नंतर एकवचन. प्रत्येक विद्यार्थी म्हणतो, ‘प्रत्येक विद्यार्थिनी आल्या’ म्हणत नाही, तसंच. ‘मोस्ट’ला एक तर काहीच नको, ‘मोस्ट स्टुडंट्स’, किंवा ‘ऑफ द’ ही जोडी हवी, ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स’. नुसतं ‘ऑफ’ अर्धवट राहतं. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’ म्हणजे बरेच विद्यार्थी, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, आणि संख्या वाढली असं आपणही एकवचनीच म्हणतो.

कुठे थांबायचं आणि जाणकाराला विचारायचं

सात पायऱ्या करूनही वाक्य बसत नसेल तर ते वाक्यच मोडा आणि वेगळं लिहा. पण काही ठिकाणी तेही करू नका, हात मागे घ्या.

औषधांच्या सूचना. ‘अ लिटल’, ‘अ फ्यू ड्रॉप्स’ अशा शब्दांवर तिथे काहीही सोडायचं नाही, आकडा हवा, आणि तो डॉक्टरांनी किंवा औषधनिर्मात्याने सांगितलेला हवा. असं भाषांतर तुमच्याकडे आलं तर त्यांच्याकडून तपासून घेतल्याशिवाय देऊ नका.

शोधनिबंध. ‘डेटा इज’ की ‘डेटा आर’? दोन्ही चालतात. तो मूळचा लॅटिन अनेकवचनी शब्द, म्हणून काही नियतकालिकं अजून ‘आर’च मागतात. यात तुमचं मत विचारलेलं नाही. नियतकालिकाचे लेखकांसाठीचे नियम बघा, नाहीतर संपादकाला विचारा.

एखाद्या मुलाची हीच चूक दोन-अडीच महिने रोज पाहूनही हलत नसेल, तर आणखी याद्या देऊ नका. त्याला समोर बसवून, त्याचंच लिखाण घेऊन शिकवणारा शिक्षक गाठा. तो नेमका कुठे अडतो हे यादीला दिसत नाही.

आणि करार, नोटिसा, निविदा. इथे मी स्वतः पोळले आहे. एका नोटिशीत ‘नॉट लेस दॅन’ आणि पुढे दिवसांचा आकडा होता. दिवस मोजता येतात, म्हणून मी मोठ्या उत्साहाने त्याचं ‘नॉट फ्यूअर दॅन’ केलं, वर समासात कारणही लिहिलं. वकिलांकडून कागद परत आला तेव्हा माझी दुरुस्ती खोडलेली होती. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०१ मध्ये सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसाठी शब्द आहेत ते ‘नॉट लेस दॅन क्लिअर ट्वेंटी-वन डेज’ असेच, आणि नोटिशीत कायद्याचेच शब्द ठेवायचे असतात. पाचव्या तपासणीतला वेळेचा नियम तेव्हा मला माहीत नव्हता असं नाही. यादी हातात होती, आणि घाईत तिच्यावरूनच उडी मारली.